शितावरून भाताची परीक्षा होते, भेळेची कशी करायची?

हा भाग ज्यांनी बदलापूर ते ठाणे उभ्याने, एका हाताने कडी धरून ऐकला, त्यांच्यासाठी हा लेखी मजकूर. आकडे कानातून निसटतात ही तुमची तक्रार रास्त आहे. म्हणून इथे आकडेमोड जरा सावकाश मांडलीय आणि माझे ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ थोडे कापलेत. सगळे नाही.

आजचा प्रश्न असा. डेटा प्रचंड आहे, आपल्याकडे साधा लॅपटॉप आहे. त्या डेटातले गट शोधायचेत, म्हणजे क्लस्टरिंग करायचंय. सगळा डेटा न चघळता, छोटंसं सॅम्पल घेऊन काढलेल्या गटांवर विश्वास ठेवता येतो का? ठेवता येतो. पण त्याच्या अटी बऱ्याच जणांना वाटतात त्या नाहीत.

उदाहरण आपल्याच पट्ट्याचं घेऊ. समजा, विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या भागातल्या मोबाइल लोकेशनचे एक कोटी ठिपके तुमच्या हातात आलेत. नावं, नंबर काढून टाकलेले. प्रत्येक ठिपक्यात फक्त तीन गोष्टी: कुठलासा एक फोन, एक जागा, एक वेळ. २०११ च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या पाच लाखांवर, अंबरनाथची अडीच लाखांच्या आसपास आणि बदलापूरची पावणेदोन लाखांच्या घरात होती. म्हणजे तेव्हाच सव्वानऊ लाख माणसं. त्यानंतर बदलापुरात किती टॉवर उभे राहिले ते गाडीच्या खिडकीतूनच दिसतं. इतक्या माणसांसाठी एक कोटी ठिपके ही काही फार मोठी गोष्ट नाही, थोड्या दिवसांत जमतील. प्रश्न एवढाच: सकाळी लोक कुठून, किती वाजता निघतात, आणि त्यांचे आपसूक पडलेले गट कोणते? हे कळलं तर बस कुठून सोडायची आणि शेअर रिक्षाचा स्टँड कुठे हवा, हे ठरवता येईल.

क्लस्टरिंगची एक जुनी, प्रामाणिक पद्धत प्रत्येक ठिपक्याचं दुसऱ्या प्रत्येक ठिपक्यापासूनचं अंतर मोजते आणि जवळचे जवळचे जोडत जाते. तिला हायरार्किकल क्लस्टरिंग म्हणतात. एक कोटी ठिपक्यांच्या जोड्या किती? सुमारे ५० लाख कोटी. सेकंदाला एक कोटी अंतरं मोजली तरी ५० लाख सेकंद, म्हणजे जवळजवळ ५८ दिवस. एकेक अंतर ४ बाइटमध्ये ठेवायचं म्हटलं तर २०० टेराबाइट जागा. बोला आता.

त्याऐवजी १० हजार ठिपके उचलले तर जोड्या होतात ५ कोटी. त्याच वेगाने ५ सेकंद. समजा त्यातून १२ गट निघाले. मग राहिलेल्या सगळ्या ठिपक्यांना फक्त या १२ केंद्रांशी ताडून पाहायचं आणि जवळच्या केंद्राच्या नावावर टाकायचं. १२ कोटी तुलना, १२ सेकंद. दोन महिन्यांचं काम चहा उकळायच्या आत. सॅम्पलिंगचा मोह होतो तो इथे.

यावर पहिला प्रश्न हमखास येतो, ऑफिसातसुद्धा: ‘अरे पण हे किती टक्के झालं?’ ०.१ टक्का. ऐकणाऱ्याचा चेहरा पडतो. त्याला वाटतं, दहा टक्के तरी हवेत. हा गैरसमज फार चिवट आहे. सॅम्पलची ताकद ते मूळ डेटाच्या किती टक्के आहे यावर जवळजवळ ठरतच नाही, ते स्वतः किती मोठं आहे यावर ठरते. एखादा गट खरोखर १० टक्के असेल, तर १० हजारांच्या सॅम्पलमध्ये तो शंभरातल्या ९५ वेळा ९.४ ते १०.६ टक्क्यांच्या मध्ये दिसेल. मूळ डेटा दहा लाखांचा असो, कोटीचा असो की शंभर कोटींचा, हे आकडे जवळपास तेच राहतात. आपल्या आज्यांना हे ठाऊक होतं. शितावरून भाताची परीक्षा करताना टोप किती मोठा आहे ते कोणी विचारत नाही.

पण ही म्हण चालते ती भाताला. एका टोपातली शितं बहुतेक सारखी शिजतात. क्लस्टरिंगचा डेटा भेळेसारखा असतो: कुरमुरे बक्कळ, शेव बरीच, फरसाण थोडं आणि शेंगदाणे मोजके. चिमूटभर भेळ तोंडात टाकून ‘यात शेंगदाणे नाहीत’ असं तुम्ही म्हणालात, तर भेळवाला चिडेल आणि त्याचं बरोबर असेल.

आता शेंगदाण्यांचा हिशोब करू. समजा आपल्या डेटात एक छोटा गट आहे, ०.१ टक्क्याचा. कोटीतले १० हजार ठिपके. ही माणसं पहाटे साडेतीन-चारच्या सुमाराला घर सोडतात, स्टेशनपासून लांबच्या एखाद्या वाडीतून. तुम्ही १,००० ठिपक्यांचं सॅम्पल घेतलंत, तर या गटातला एकही ठिपका हाती न लागण्याची शक्यता ३७ टक्के आहे. ३,००० घेतले तर ती ५ टक्क्यांवर येते. लक्षात ठेवायला सोपा ठोकताळा: गटाचा वाटा जितका, त्याने ३ ला भागा. ३ भागिले ०.००१, म्हणजे ३,०००. एवढं सॅम्पल घेतलं की शंभरात ९५ वेळा त्या गटातला निदान एक तरी ठिपका सापडतो.

पण एका ठिपक्याचा गट होत नाही. अल्गोरिदमला तो चुकार वाटतो, आणि चुकारांना तो बाजूला सारतो. गट म्हणून ओळख पटायला तीसेक ठिपके तरी हवेत असं धरू. सरासरीने ३० मिळवायला ३० हजारांचं सॅम्पल लागेल, पण सरासरीच्या भरवशावर बसलो तर जवळजवळ निम्म्या वेळा ३० पेक्षा कमीच मिळतील. ४५ हजार घेतले तर तिसाच्या खाली जाण्याची शक्यता एका टक्क्याच्या आसपास उरते. ४५ हजार हे कोटीच्या अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी आहेत. जोड्या होतात सुमारे १०० कोटी, आपल्या वेगाने पावणेदोन मिनिटांपेक्षा कमी.

म्हणजे सॅम्पल किती घ्यायचं हे ठरवतो तो सगळ्यात छोटा गट, जो निसटलेला तुम्हाला चालणार नाही. सुदिप्तो गुहा, राजीव रस्तोगी आणि क्यूसोक शिम या तिघांनी १९९८ मध्ये मांडलेल्या ‘क्युअर’ या अल्गोरिदममध्ये सॅम्पलचा आकार याच विचाराने काढला होता. (रस्तोगी आयआयटी मुंबईचे बी.टेक., एवढी फुशारकी मारू द्या.) ‘निसटलेला चालणार नाही’ हे मात्र गणित सांगत नाही. ते माणसाने आधी ठरवायचं असतं, आणि बहुतेक प्रोजेक्टमध्ये ते कोणीच ठरवत नाही, हा माझा अनुभव आहे.

निसटलेला गट दिसत का नाही, हे समजून घेणं फार गरजेचं आहे. तुम्हाला वाटेल, नकाशावर तिथे रिकामी जागा राहील आणि कोणीतरी विचारेल. तसं होत नाही. शेवटच्या टप्प्यात प्रत्येक ठिपका जवळच्या केंद्राला जोडला जातो, मग ते केंद्र तीन किलोमीटरवर का असेना. बारवी धरणाच्या बाजूच्या वाड्यांतली पहाटेची माणसं गुपचूप ‘बदलापूर पूर्व, सकाळी साडेसात’ या गटात जाऊन बसतात. रिपोर्टमध्ये १२ रंगांचे १२ सुंदर पुंजके. कुठेही भोक नाही. आणि बस सुटते साडेसातला.

यावर उपाय स्वस्त आहे आणि तो फारसा वापरला जात नाही याचं मला नवल वाटतं. ते १२ सेकंदांचं शेवटचं वाटप करताना प्रत्येक ठिपका आपल्या केंद्रापासून किती लांब आहे तेही लिहून ठेवा. मग सगळ्यात लांबचे दोन-चार लाख ठिपके वेगळे काढा आणि त्यांच्यातून नवं सॅम्पल घेऊन पुन्हा क्लस्टरिंग करा. विखुरलेले चुकार विखुरलेलेच राहतील, पण ते १० हजार एकाच जागी, एकाच वेळेला गर्दी करून उभे असतील तर या खेपेला लपू शकणार नाहीत. सॅम्पलने अंदाज बांधायचा आणि तो तपासायचा मात्र पूर्ण डेटावर. बेल्जियमच्या कॉफमन आणि रुसो यांच्या ‘क्लारा’ पद्धतीचा गाभाही हाच आहे. तिच्यात पाच छोटी सॅम्पलं घेतात, एकेकात फक्त ४० अधिक गटांच्या संख्येच्या दुप्पट ठिपके. आपल्या १२ गटांसाठी ते होतात ६४. पाचांपैकी कोणतं उत्तर ठेवायचं हे सगळ्या डेटावर ताडून ठरवतात. अर्थात ६४ मध्ये आपले पहाटेचे प्रवासी सापडणं म्हणजे लॉटरीच.

आता सॅम्पल उचलायचं कसं. इथे खरी गंमत आहे आणि खरा घोळही.

घाईत असलेला प्रोग्रामर फाइलच्या पहिल्या १० हजार ओळी घेतो. फाइल तारखेप्रमाणे लावलेली असते. झालं, तुमचं सॅम्पल म्हणजे एका सोमवारची सकाळ. फाइल इतकी मोठी असेल की मेमरीत मावतच नाही, तरी काम अडत नाही. त्याला रिझर्व्हायर सॅम्पलिंग म्हणतात. पहिल्या १० हजार ओळी टोपलीत टाका. पुढची प्रत्येक ओळ आली की तिला टोपलीत जागा मिळण्याची शक्यता १० हजार भागिले तिचा क्रमांक एवढी ठेवा. वीस हजाराव्या ओळीला निम्मी, एक लाखाव्या ओळीला एकदशांश. मिळाली जागा, तर टोपलीतली कुठलीही एक जुनी ओळ चिठ्ठी टाकून बाहेर. फाइल संपते तेव्हा प्रत्येक ओळीला टोपलीत असण्याची अगदी सारखी संधी मिळालेली असते. फाइल एकदाच वाचायची, आणि ती एकूण किती ओळींची आहे हे आधी माहीत असायचीही गरज नाही.

पण ओळ म्हणजे माणूस नव्हे. एखादा फोन दर दहा सेकंदांनी ठिपका पाठवतो, दुसरा तासातून एकदा. नेव्हिगेशन चालू ठेवणारा एक रिक्षावाला एकटाच कितीतरी प्रवाशांएवढे ठिपके टाकतो. ठिपक्यांतून चिठ्ठी काढली की तुम्हाला रिक्षावाल्याचा दिवस दिसतो, शहराचा नाही. म्हणून आधी फोनांमधून चिठ्ठी काढायची, मग निवडलेल्या फोनाच्या दिवसांमधून, मग त्या दिवसाच्या ठिपक्यांमधून. टप्प्याटप्प्याने.

ही टप्प्यांची कल्पना वाचून एखाद्या तलाठ्याला ओळखीचं हसू येईल. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे पुण्याच्या फर्ग्युसनमध्ये शिकले, लंडनला जाऊन संख्याशास्त्रात पीएच.डी. करून आले, आणि १९४० च्या दशकात त्यांनी भारतीय कृषी संशोधन परिषदेत पिकांचा अंदाज घ्यायची पद्धत बसवली. त्याआधी पीक किती आलं हे नजरेने ठरायचं, आणेवारी लावून. सुखात्मे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते असं केलं: तालुक्यातून चिठ्ठीने गावं, गावातून चिठ्ठीने शेतं, शेतातून चिठ्ठीने एक छोटा तुकडा. तो कापायचा, मळायचा, वजन करायचं. अख्ख्या जिल्ह्याचं पीक मूठभर तुकड्यांवरून. आजही पीक विम्याच्या बातम्यांत ‘पीक कापणी प्रयोग’ हे शब्द येतात ना, ते याच घराण्यातले.

त्या काळात एक मोठा वाद झाला: तुकडा केवढा असावा? कलकत्त्याचे प्रशांतचंद्र महालनोबिस अगदी छोटे तुकडे घ्यायच्या बाजूचे होते, कारण थोड्या खर्चात पुष्कळ घेता येतात. सुखात्मे यांनी १९४६ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवलं की फार छोटे तुकडे घेतले की पीक खऱ्यापेक्षा जास्त दिसतं. कारण अगदी मानवी आहे. रेघेवर उभी असलेली ताटं आत धरायची की बाहेर? कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. तुकडा जितका छोटा, तितकी क्षेत्राच्या मानाने त्याची कड लांब, आणि तितकी ही ओढाताण जास्त.

मला हा वाद फार आवडतो, कारण चुकांच्या दोन जाती त्यात स्वच्छ दिसतात. एक नशिबाची चूक, जी सॅम्पल वाढवलं की कमी होते. दुसरी सवयीची चूक, जी लाख तुकडे कापले तरी तिथेच राहते, कारण प्रत्येक तुकड्यात हात त्याच दिशेला सरकतो. आपल्या डेटातली सवयीची चूक कोणती? ज्याच्याकडे स्मार्टफोन नाही, ज्याने रिचार्ज लांबवलाय, जो लोकेशन बंद ठेवतो, तो एक कोटीत मुळातच नाही. त्याच्यासाठी ४५ हजारांचं सॅम्पल घ्या नाहीतर पूर्ण कोटी चाळा, उत्तर तेच. इथे कोणीतरी पहाटे उठून स्टँडवर जाऊन माणसं मोजायलाच हवीत. मी सॉफ्टवेअरवाला असून हे म्हणतोय.

उलट बाजूही असते. २७ जुलै २०१९ ला बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पुरात अडकली होती, हजारावर प्रवासी तासन्‌तास डब्यांत होते. त्या दिवसाचा डेटा तुमच्या फाइलमध्ये असेल तर स्टेशन नसलेल्या जागी एक दाट, अगदी ठसठशीत क्लस्टर उगवेल. तो खोटा नाही, पण त्याच्यासाठी रोजची बस सोडायची नसते. दिवसांमधून चिठ्ठी काढायचा टप्पा ठेवला असेल, तर हा गट एकाच दिवसाचा आहे हे लगेच उघडं पडतं.

अंतराबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. नकाशावर बदलापूर पूर्व आणि पश्चिम यांच्यात रुळांची रुंदी तेवढी आहे. चालणाऱ्याला जिना चढून, पूल ओलांडून, गर्दीतून वाट काढत उतरावं लागतं. सरळ रेषेचं अंतर वापरलंत तर अल्गोरिदम दोन्हीकडच्या लोकांना एका गटात घालेल आणि रिक्षा स्टँड सुचवेल बरोब्बर रुळांच्या मध्यावर. त्यात वेळ मिसळली की आणखी गोंधळ: १० मिनिटं मोठी की ५०० मीटर मोठे? वेगवेगळ्या मापांची, एकमेकांत गुंतलेली मोजमापं एका अंतरात कशी बसवायची याचं एक उत्तर महालनोबिस यांनीच १९३६ मध्ये दिलं. त्यांच्या नावाचं ते अंतर आज मशीन लर्निंगच्या प्रत्येक कोर्समध्ये असतं. ते जन्मलं माणसांच्या गटांची शारीरिक मोजमापं ताडून पाहण्याच्या कामातून. आपल्याकडे इरावती कर्वे आणि वि. म. दांडेकर यांनी महाराष्ट्रातली अशीच मोजमापं १९५१ मध्ये डेक्कन कॉलेजतर्फे प्रसिद्ध केली. एका नावाखाली मोडणारी जात पुष्कळदा अनेक वेगळ्या जातींचा पुंजका असते, असं इरावतीबाईंनी पुढे मांडलं आणि त्यासाठी शब्द वापरला ‘कास्ट क्लस्टर’. त्या काळी! आपल्यासाठी त्यातलं घेण्यासारखं हे, की नाव आणि गट एक समजू नका. ‘उल्हासनगर’ हे एक नाव आहे. पाच कॅम्पांतली माणसं सकाळी एकाच स्टेशनकडे, एकाच वेळी जातात असं धरून चालू नका. कोणाला शहाड जवळ, कोणाला विठ्ठलवाडी, आणि पुष्कळ जण गाडी पकडतच नाहीत, कारण दुकान किंवा कारखाना घराशेजारी आहे.

शेवटी भरवशाची चाचणी. एकच सॅम्पल घेऊन थांबू नका. दोन वेगळी सॅम्पलं घ्या, दोन्हींवर स्वतंत्र क्लस्टरिंग करा. मग तिसरेच १० हजार ठिपके घ्या आणि ते दोन्ही उत्तरांनी गटांत वाटा. आता त्यातली कुठलीही जोडी उचला. पहिल्या उत्तरात हे दोघे एकत्र आहेत का? दुसऱ्यात? किती जोड्यांबाबत दोन्ही उत्तरं सहमत आहेत ते मोजा, आणि त्यातून निव्वळ योगायोगाने होणारी सहमती वजा करा. याला ॲडजस्टेड रँड इंडेक्स म्हणतात. तो १ च्या जवळ असेल तर उत्तर टिकाऊ आहे, ० च्या आसपास असेल तर तुम्ही ढगांत हत्ती-घोडे बघताय. असं पाच-सात वेळा करून बघा. सगळा आकडा खाली ओढणारा एखादाच गट असतो, दर वेळी त्याची सीमा हलते. तो रिपोर्टमध्ये ठळकपणे ‘अनिश्चित’ म्हणून लिहा. वरिष्ठांना आवडत नाही, तरी लिहा.

ही चाचणी फक्त नशिबाची चूक पकडते. दोन्ही सॅम्पलं एकाच फाइलमधली असल्यामुळे सवयीची चूक दोन्हींत सारखीच असते, आणि दोन्ही उत्तरं अगदी छान जुळून येतात.

घरी करून बघायचं असेल तर पायथनमधली सायकिट-लर्न लायब्ररी पुरेशी आहे. तिच्यात मिनी-बॅच के-मीन्स तयार मिळतं, जे दर फेरीला डेटाची नवी चिमूट घेऊन केंद्रं थोडी थोडी सरकवतं. गूगलच्या डी. स्कली यांनी ते २०१० मध्ये मांडलं. जुन्या लॅपटॉपवरही झकास पळतं. फक्त ते दर वेळी चिमूटच बघतं, त्यामुळे शेंगदाण्यांचा हिशोब आणि लांबच्या ठिपक्यांची दुसरी फेरी तुम्हालाच करावी लागेल. गट किती धरायचे, १२ की १५, हे पुढच्या भागात. तोवर हेडफोन चार्ज करून ठेवा.